पलीकडून बोला

गवताची एक काडी भिंतीतून जेमतेम बोटभर बाहेर आली होती, आणि ती उपटावी की राहू द्यावी यातच त्याचं निम्मं लक्ष अडकलं होतं — उरलेलं निम्मं भिंतीपलीकडे, जिथे गवंडी सांगितल्याप्रमाणे एकटाच बोलत बसला होता. आधी अडखळत, "एक... दोन... आता काय बोलू..." मग गडी रंगात आला. मेव्हण्याने नेलेली शिडी, ती परत मागितल्यावर त्याने केलेला कांगावा, त्यात बायकोने घेतलेली भावाची बाजू — सगळं ऐकू येत होतं, शब्दांच्या कडा थोड्या झिजलेल्या, पण येत होतं.

आणि ते यायला नको होतं. ध्यानकेंद्राच्या चोवीस खोल्यांपैकी नमुन्याच्या या दोन, एका भिंतीने जोडलेल्या. बाकी सगळा नकाशा पसंत पडला होता: उतार आहे तसा ठेवायचा, एकाही झाडाला हात लावायचा नाही, ओढ्यावरचा वारा खोल्यांतून फिरवायचा, आंघोळीचं पाणी दगडगोट्यांतून गाळून लव्हाळ्याला सोडायचं. घोडं अडलं होतं या भिंतीपाशी. माणसं इथे दहा-दहा दिवस मौनात राहणार, शेजारी कुणी आहे याचीही चाहूल लागता कामा नये, असं केंद्राच्या बाईंचं म्हणणं. पहिल्या नकाशात त्यानेच दीड फूट जाड मातीची भिंत काढली होती. मग एका दुपारी ती खोडून कुडाची केली — रानातल्या काठ्यांची जाळी, दोन्ही बाजूंनी मातीचा लेप, सगळी मिळून चार इंच. टेकडी कमी खणावी लागेल, असं त्याने बैठकीत सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. ते खोटं नव्हतंच. फक्त खरं कारण ते नव्हतं.

खरं कारण घरी होतं, त्याच्या आणि दादाच्या खोलीमधल्या भिंतीत. दोघे भाऊ, दोघेही बिनलग्नाचे, एका घरात जन्म काढलेले. दादाला ऐकू कमी यायला लागलं तसा रेडिओचा आवाज चढत गेला, आणि इकडे टेबलावर रेघ ओढताना याचं डोकं उठायला लागलं. आर्किटेक्टला भिंतीशी भांडायला किती वेळ लागतो! दोन दिवसांत त्याने आपल्या बाजूने लोकरीचे जाड थर बसवून वर फळ्या ठोकल्या. दादा दारात उभा राहून बघत होता, हसून म्हणाला, "माझ्या बातम्यांना गोधडी पांघरलीस होय रे?" ...काय सुंदर शांतता झाली होती! त्या शांततेत मी किती कामं उरकली. त्या दिवशीही सकाळी आठपासून एक वाजेपर्यंत मान वर केली नाही. एकला दादाला जेवायला बोलवायला गेलो तर तो पलंगावरून खाली पडलेला, कुशीवर, हात भिंतीकडे... दहाच्या सुमारास गेले असावेत, डॉक्टर म्हणाले. त्याने हाक मारली होती का, हे डॉक्टर कसं सांगणार?

आठ महिने झाले. फळ्या अजून तशाच आहेत. काढायला हात धजत नाही.

"साहेब, बास का?" गवंडी बाहेर येऊन उभा होता, घसा खाकरत. त्याच्यामागे बाई — साठीच्या, सुती साडीतल्या, एकदा विचारून उत्तराची वाट बघणाऱ्या.

"आलं का काही ऐकू?"

"नाही," तो म्हणाला. मग उगाच जोडलं, "अजिबात नाही."

गवंडी त्याच्याकडे बघतच राहिला. "काय सांगता साहेब! कुडाची भिंत आहे ही. मी तर मेव्हण्याचा पार उद्धार केला."

"केला असशील. पोचला नाही."

थाप मारायचीही सवय असावी लागते. त्याला ती नव्हती. बाई चपला काढून आत आल्या आणि तो बसला होता त्याच चटईवर बसल्या.

"बरं झालं मग. आता मी ऐकते. तुम्ही पलीकडून बोला. पाच मिनिटं, नेहमीच्या आवाजात."

पलीकडची खोली अगदी अशीच होती. तो भिंतीकडे तोंड करून बसला. हळू बोललं की झालं... पुटपुटलं की भागलं. बाई उठून म्हणतील, छान, आणि चोवीस खोल्यांत चार इंची कूड उभा राहील. कुणाला रात्री-अपरात्री छातीत कळ आली तर शेजारचा मौन मोडून धावत येईल. यासाठीच तर सगळा खटाटोप. पण नेहमीचा आवाज म्हणजे नेमका कोणता? काल दिवसभरात आपण कुणाशी काय बोललो, हे तो आठवत राहिला. दुकानात म्हणालो, पिशवी आहे. तेवढंच.

"बाई," तो म्हणाला, आणि स्वतःचा आवाज ऐकून दचकला. "मी मघाशी खोटं बोललो. सगळं ऐकू येतं. आत्ताही येतंय तुम्हाला."

पलीकडे काही हललं नाही. ऐकणाऱ्याने बोलायचं नाही, असंच ठरलं होतं. त्याने सांगायला सुरुवात केली — टेकडी, माती आणि मग कसं कोण जाणे, रेडिओ, लोकर, फळ्या, एक वाजता उघडलेलं दार. आठ महिन्यांत एवढं सलग तो बोलला नव्हता. सांगता सांगता एका जागी जीभ अडखळली. उघडलेलं दार... उघडलं कुठे? दार उघडंच होतं. दादाचं दार कधीच बंद नसायचं, याचंही नसायचं, मध्ये सहा पावलांचा बोळ. दादाने हाक मारली की नाही याचा हिशेब भिंतीकडे मागता मागता आठ महिने गेले, आणि एवढी साधी गोष्ट... आठ ते एक, पाच तास. चहा घेतोस का, म्हणून विचारता आलं असतं. औषध घेतलंस का, म्हणून. नुसतं, दादा, म्हणून.

पाच मिनिटं केव्हाच उलटली असावीत. भिंत दीड फूट हवी की चार इंच, हे आता कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. त्या सकाळी मीही त्याला हाक मारली नाही... हे आपण नुसतं मनात म्हटलं, की मोठ्याने, हे त्याला कळेना. आणि ते जाणून घ्यायला तो उठलाही नाही.