शरणप्पाचा सूचक

शरणप्पाचा अर्ज बाद झाला तो सहीपायी, आणि सही बाद झाली ती मायेपायी. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण झालं ते असंच.

होटगीच्या पलीकडं, जिथं माणसं बाजारात मराठी बोलतात आणि घरात कानडी, तिथल्या एका गावात सेवा सोसायटीची निवडणूक लागली होती. साल चौऱ्याहत्तर. चेअरमन आबासाहेब. त्यांच्या राज्यात निवडणूक नुसती नावाला. दर खेपेला सगळे बिनविरोध, गुलाल उधळायचा, पेढा तोंडात टाकायचा आणि घरी जायचं. त्या वर्षी शरणप्पानं ठरवलं, आपण उभं राहायचं. बायको गेलेली, पोरी विजापूरकडं नांदायला. रिकाम्या घरातला माणूस एक तर कुढत बसतो, नाहीतर राजकारणात पडतो. चार माणसांत बसायला हक्काची एक जागा मिळावी, एवढीच त्याची हाव.

अर्जाला सूचक लागतो, म्हणजे हा गडी उभा राहतोय असं सही करून सांगणारा सभासद. सूचक म्हणून शिवयोगीशिवाय दुसरं कोण असणार? दोघांची शेतं बांधाला बांध लागून, दोघं लहानपणापासून एका ताटात जेवलेले. शिवयोगी शिकला विजापूरकडच्या इंडीला, मामाकडं, कानडी शाळेत. सोसायटीच्या दप्तरात त्याची सही कानडी. पण सोबत्याचा अर्ज सोलापूरच्या साहेबापुढं जायचा, त्यावर कानडी अक्षर बघून साहेब नाक मुरडेल, असं त्याच्या मनानं घेतलं. त्याची बायको पार्वतम्मा बार्शीकडची, चार बुकं शिकलेली. तिनं पाटीवर नाव काढून दिलं, यानं ते घोटलं, आणि अर्जावर पहिल्यांदाच मराठीत सही केली. चांगली सुबक केली.

छाननीला साहेबानं दोन्ही सह्या शेजारी शेजारी ठेवल्या. एक कानडी, एक मराठी. म्हणाला, "ही सही त्या माणसाची नाही. अर्ज नामंजूर."

"सायब, त्यो मानूस मीच की! दोनी माज्याच हायेत," शिवयोगी समोर उभा राहून सांगत होता. पण साहेबानं पुढचा अर्ज हातात घेतला होता. ती जागा आबासाहेबांच्या पुतण्याला, मानसिंगला, बिनविरोध गेली.

शरणप्पाला ते लई लागलं. "म्हंजी आमी खोटी सही आनली व्हय?" सोलापूरच्या हुंडेकरी वकिलांनी त्याला परोपरीनं सांगितलं, की आधी इथं सोलापुरातच सहकार खात्याच्या निबंधकाकडं दाद मागा. पण याला सगळ्यांत वरचा देवच पाहिजे होता. गेला थेट मुंबईला, हायकोर्टात.

तिथं त्याचं काम पान लावायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आत आटपलं, आणि तेही इंग्रजीत. बाहेर आल्यावर तिथल्या वकिलानं समजावलं, "कायद्यानं तुम्हाला दुसरा उपाय दिलाय. निवडणुकीचा वाद आधी निबंधकाकडं न्यायचा. तो उपाय करा, मग आमच्याकडं या, असं न्यायाधीश म्हणतात."

"पर म्या खरा का खोटा?"

"ते त्यांनी पाहिलंच नाही."

गावी आल्यावर पारावर बसलेल्या धुळा नावाच्या गड्यानं विचारलं, "काय म्हनलं कोर्ट?" शरणप्पा सरळ बोलून गेला, "आधी उपाय करा म्हनलं."

"आगं बया! मग दुखनं तरी काय हाय तुला?" धुळा म्हणाला, आणि पारावरची सगळी माणसं खदखदून हसली. त्या दिवसापासून त्याचं नावच 'उपाय' पडलं. तो एस. टी.ला उभा राहिला की पोरंसोरंसुद्धा म्हणायची, "उपाय निघाला सोलापूरला." शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण शहाण्यांना कधी कुणी खोटं ठरवलेलं नसतं, म्हणून त्यांना शहाणपण परवडतं.

मग सोलापूरला निबंधकाकडं तारखा सुरू झाल्या. साक्षीदार एकच, शिवयोगी. प्रत्येक तारखेला तो आला, एकदासुद्धा कुरकुरला नाही. उलटतपासणीत समोरच्या वकिलानं त्याला सगळ्यांदेखत मराठी सही करायला लावली. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. अक्षरं एकमेकांवर चढली. "पाटी-पेन्सिल मागवू का?" वकील म्हणाला, आणि लोक हसले. शिवयोगीनं मान खाली घातली. परतताना गाडीत शरणप्पा वाटभर पुढच्या तारखेबद्दल बोलत राहिला.

निकाल विरुद्ध गेला. आता अपील, पुन्हा मुंबई, तिथल्या सहकार न्यायाधिकरणात. तिकडं अपिलाची सुनावणी चालू होती आणि इकडं पार्वतम्मा आजारी पडून गेली. तिच्या मातीला अख्खा गाव होता, शरणप्पा नव्हता. परत आल्यावर तो शिवयोगीच्या दारात उभा राहिला, "वाईट झालं," म्हणाला. आणि पुढं म्हणाला, "पुडची तारीख पडलीया."

गावानं त्याला वाळीत वगैरे टाकलं नव्हतं. तो पारावर येऊन बसला की माणसांना कामं आठवायची, इतकंच. भाकरी तो स्वतः थापायचा, एकटा खायचा आणि मनातल्या मनात आबासाहेबांशी भांडायचा. भांडायला तरी कुणी आहे, याचाच त्याला आधार होता.

सत्याहत्तरात निकाल लागला. दोन्ही सह्या एकाच माणसाच्या. अर्ज चुकीनं नाकारला. त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्या. हुंडेकरी वकिलांनी वाचून दाखवलं तेव्हा शरणप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन त्यानं कोनाड्यातला दिवा लावला आणि मोठ्यानं म्हणाला, "म्या खरा ठरलो." घरात 'व्हय' म्हणायलाही कुणी नव्हतं. एवढी मोठी गोष्ट, आणि ती सांगायला माणूस सापडेना, याचं त्याला पहिल्यांदाच भय वाटलं.

नवी निवडणूक म्हणजे नवा अर्ज, आणि नव्या अर्जाला पुन्हा सूचक आणि त्याच्या खाली सही करून दुजोरा देणारा अनुमोदक. तो दारोदार फिरला. भीमा म्हणाला, "पयली सही दुसऱ्याची घ्या, मग म्या करतो की." दुसरा म्हणाला, आधी भीमाला विचारा. श्रीमंत नावाचा तिसरा म्हणाला, खत-बियाणं सगळं सोसायटीतनंच येतं बाबा, तुला काय सांगायचं. कुणी वाईट बोललं नाही. जो तो अदबीनं पुढचं दार दाखवत होता.

शिवयोगीचं दार त्यानं मुद्दामच शेवटी ठेवलं होतं. तो काय, घरचाच माणूस, सूचक तोच. त्याची पहिली सही झाली की भीमालाही मागं सरता येणार नव्हतं. मुदत त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत. अर्ज बंडीच्या खिशात घालून शरणप्पा दुपारी तिथं पोचला. शिवयोगी सोप्यात एकटाच शेंगा फोडत बसला होता. याला बघितलं तसा तो गुडघ्यावर हात टेकून उठला.

"जिंकलास म्हनं. बरं झालं," तो म्हणाला. "आता कुटली तारीख?"

आणि उत्तराची वाट न बघता तो आत गेला. खुंटीवरचा तपकिरी कोट काढून त्यानं अंगात घातला. तारखेला घालायचा कोट. बटणं लावत बाहेर आला आणि पायांत वहाणा सरकवायला लागला. चेहऱ्यावर राग नाही, कंटाळा नाही. बैलाला जू दाखवलं की तो मान पुढं करतो, तसं त्याचं चाललं होतं.

शरणप्पाचा हात खिशाकडं गेला होता, तो तिथंच राहिला. या तीन वर्षांत आपण या घरात तारीख सांगण्याखेरीज कशाला आलो, ते त्याला आठवेना. शरमेनं त्याचे कान तापले.

"तारीख न्हाय," तो म्हणाला. "आसाच आलो."

"आसाच?"

"व्हय. बसावं म्हनलं जरा."

शिवयोगीनं वहाणा काढल्या. मग घरच्या कानडीत म्हणाला, "बा, कुंद्रु. बस की." दोघं बसले. शिवयोगीनं शेंगांचं सूप मधे सरकवलं. शरणप्पाला पार्वतम्माबद्दल विचारायचं होतं, शेवटी ती काय बोलली, फार त्रास झाला का. पण त्यानं पुढची शेंग उचलली. दोघं शेंगा फोडत राहिले. ऊन अंगणातनं सरकून भिंतीवर गेलं. मुदत टळली. शिवयोगी मधूनमधून त्याच्या खिशाकडं बघत होता.

"बोल की. काय काम हाय?"

"काय न्हाय रं. खरंच काय न्हाय."

शिवयोगीनं मान डोलावली. पण अंगातला कोट काही त्यानं काढला नाही.