बुबुळातला कोरा कण

वडिलांच्या पश्चात त्यांची कामाची खोली आवरताना घड्याळजींना आरशामागील फळीच्या आड एक चित्र सापडले. चारेक वर्षांच्या मुलाचा, पेन्सिलीने रेखाटलेला साधा चेहरा. डावा कान वरून किंचित दुमडलेला. घड्याळजींचाही तसाच होता. सदऱ्याची गळपट्टी अर्धवट राहिली होती आणि तिथून एक रेघ कागदाच्या कडेपर्यंत घसरली होती.

मात्र त्यांची दृष्टी खिळली ती डोळ्यांवर. व्यक्तिचित्रे काढणे हीच वडिलांची उपजीविका. त्यात एक नेम त्यांनी व्रतासारखा पाळला होता. आरंभ नेहमी डोळ्यांपासून. जिवंत माणसाच्या बुबुळात कागदाचा एक कण कोरा सोडायचा, दिवंगताचे बुबुळ पूर्ण भरायचे.

या मुलाची दोन्ही बुबुळे काळीभोर होती.

"अहो, हे तर तुम्हीच!" पत्नी म्हणाली. "कान बघा की."

"असा कान सख्ख्या भावालाही असू शकतो."

"तुम्हांला कुठला भाऊ? उगाच काहीतरी डोक्यात घेऊ नका."

पण ते डोक्यात शिरलेच होते. आपल्याआधी एक मूल गेले असावे आणि त्याच्या रिकाम्या जागी, कदाचित त्याच्याच नावाने, आपण वाढलो असू. बालपणाचा विषय निघाला की आई उठून का जात असे? त्यांनी डोळ्याला भिंग लावले. उजव्या बुबुळातले कागदाचे तंतू उठले होते. कुणीतरी खोडाखोड केली होती. संशय बळावला. चित्र घेऊन ते थेट आईपुढे उभे राहिले.

"आई, हा कोण? खरं सांग."

आईने चित्र ओळखले. "कुठून उकरून काढलंस रे हे?"

"मी कुणाच्या जागी आलो?"

"जागी? वेडा की काय! तूच आहेस तो. ताप उतरेना, डॉक्टरांनी हात टेकले. तुझ्या बाबांना वाटलं, श्वास थांबला. चेहरा तरी राहू दे म्हणून काढायला बसले. मी म्हटलं, जरा थांबा. ऐकतायत कुठले! गळपट्टीपर्यंत आले अन् तू पाणी मागितलंस."

घड्याळजींचे बोट त्या घसरलेल्या रेघेवर थांबले.

"मग खोडलं कुणी?"

"त्यांनीच. भरलेलं बुबुळ उघडायला बघत होते. कागद विरला, तेव्हा लपवून ठेवलं. म्हणाले, मी पोराला आधीच मारून बसलो."

"बरं झालं," मागोमाग आलेली पत्नी पुटपुटली, "वाटणी मागायला कुणी येणार नाही."

घड्याळजींनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. उजव्या बुबुळातल्या विरलेल्या जागेतून प्रकाशाचा एक कण आरपार आला.

"काय बघतोस?" आईने विचारले.

त्यांनी बाजूला सरून तिला खिडकीशी जागा करून दिली.