विषय क्रमांक सतरा

नगरपालिकेची मासिक सभा झाली की तिचं इतिवृत्त लिहून काढायचं, हे काम गेली एकोणतीस वर्षं भाऊसाहेबांकडे होतं. तेवीस विषय असतील तर तेवीस ठराव. प्रत्येकाला एक सूचक, एक अनुमोदक आणि शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’. हे दोन शब्द त्यांच्या हातून इतक्यांदा लिहून झाले होते की पेन कागदाला टेकलं की ते आपसूक उतरत. डोकं वापरावं लागत नसे. आणि तेच त्यांना नडलं.

चावीवाला आला तेव्हा अकरा वाजून गेले होते. गावाचं पाणी सोडणं आणि बंद करणं त्याच्याकडे, म्हणून तो चावीवाला. खांद्यावरची पुरुषभर लांब लोखंडी चावी त्याने भिंतीला टेकवली, कपाळ पुसलं आणि म्हणाला, "भाऊसाहेब, काम झाल्याची नोंद घ्या. छापखान्याच्या गल्लीतला नळ बंद केला. तोटी काढून बूच मारलं."

"कुठला नळ?"

"घ्या! कागद तुम्ही पाठवायचा आणि मला विचारायचं कुठला नळ? ठराव क्रमांक सतरा, सार्वजनिक नळ कायमचा बंद करणे. खाली नक्कल खरी म्हणून सही तुमचीच."

भाऊसाहेबांनी नोंद घेतली. तो गेल्यावर मात्र त्यांना कसंतरीच वाटू लागलं. गेल्या सभेत सतराव्या विषयावर कुणीतरी बोललं होतं. काय बोललं होतं? त्यांनी खणातून कच्ची वही काढली. सभेत ते कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून या वहीत घाईघाईने टिपत, आणि मग दोन-चार दिवसांत त्यावरून पक्क्या नोंदवहीत इतिवृत्त उतरवत. कच्च्या वहीत सतरा आकड्यापुढे त्यांच्याच अक्षरात, सदस्यांच्या रोजच्या हाकेच्या नावांनी लिहिलेलं होतं: ‘नर्सबाई – आधी अकरा घरांना आत नळ द्या, मग हा बंद करा. दोरवाले – तहकूब करा आणि चहा आणा. तहकूब.’

पक्क्या वहीत होतं: ‘सर्वानुमते मंजूर.’

त्यांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवून तीनदा वाचल्या. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचल्या. सभा त्या दिवशी अकराला बसली होती ती चारपर्यंत चालली, मध्ये वीज गेली, पंखे थांबले, सोळावा विषय गटारांचा होता आणि तो एकटाच दीड तास खाऊन गेला. हे सगळं खरं होतं. पण उतरवून काढलं ते तिसऱ्या दिवशी, पंख्याखाली बसून. तेव्हा कुठे वीज गेली होती?

नोंदवही बांधीव होती, पानांवर छापील आकडे होते. पान फाडायची सोय नव्हती आणि असती तरी भाऊसाहेबांच्या हाताने ते झालं नसतं. ते उठले आणि मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत गेले.

मुख्याधिकारी वयाने त्यांच्या लेकीएवढे. समोर फायलींचा ढीग, त्यावर आणखी एक ढीग. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कुणाची तक्रार आली आहे का?"

"अजून नाही, साहेब. आजच बंद झालाय."

"मग?"

"पण ठराव झालेलाच नाही. विषय तहकूब झाला होता."

"भाऊसाहेब, कागदावर आहे म्हणजे झाला. तुमची कच्ची वही म्हणजे काही कागद नव्हे." त्यांनी डोळे चोळले. त्यांचा आवाज रागावलेला नव्हता, नुसता थकलेला होता. "दुरुस्ती सभेतच होऊ शकते, इतिवृत्त कायम करायच्या आधी. म्हणजे सोळा दिवसांनी. तिथे तुम्हाला उभं राहून सांगावं लागेल की चूक माझी. मग मला तुमचा लेखी खुलासा घ्यावा लागेल आणि तो सेवापुस्तकाला लागेल. किती महिने राहिलेत तुमचे?"

"पाच."

"एकोणतीस वर्षांत एकही शेरा नाही ना? बघा बुवा. नळ गळकाच होता, रस्त्यावर चिखल व्हायचा. आज ना उद्या बंद व्हायचाच होता."

भाऊसाहेब बाहेर आले. साहेबांनी वाईट काहीच सांगितलं नव्हतं, हीच पंचाईत होती.

दुपारी ते दवाखान्यात नर्सबाईंना भेटायला गेले. निवडून आल्यावरही त्यांनी नोकरी सोडली नव्हती. सकाळी इंजेक्शनं, दुपारी वॉर्डातल्या लोकांची गाऱ्हाणी. त्या कापसाचे बोळे करत बसल्या होत्या.

"सतरावा? नळाचा?" त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "तो मंजूर झाला ना? मला वाटतं मीही हात वर केला."

"नाही बाई. तुम्ही विरोध केला होता. अकरा घरांचं तुम्हीच म्हणालात. पायातली चप्पल काढून पाय चोळत होतात तेव्हा."

"पाय चोळत होते म्हणजे मीच असणार," त्या हसल्या. मग हसू मावळलं. "खरं सांगू भाऊसाहेब? आदल्या रात्रीची ड्यूटी करून आले होते. त्या दिवशी मला माझं नाव विचारलं असतं तरी मी चुकीचं सांगितलं असतं. मी सभेत शपथेवर काही सांगू शकणार नाही. तुमची खात्री आहे ना?"

खात्री! हाच शब्द भाऊसाहेबांच्या आयुष्यात कधी फारसा राहायला आला नव्हता. घराला कुलूप लावून निघाले तरी ते कोपऱ्यावरून परत येऊन कुलूप ओढून बघत. येताना त्यांना वाटू लागलं, कच्ची वहीच चुकली नसेल कशावरून? अठराव्या विषयाचं सतराव्यापुढे पडलं नसेल कशावरून? जिने विरोध केला तिलाच आठवत नसेल, तर तो झाला हे ठरवणारे आपण कोण?

चौथ्या दिवशी गल्लीतल्या तिघी अर्ज घेऊन आल्या. त्यांतली थोरली इस्त्रीवाली होती. साठीची, हातावर जुन्या भाजल्याचे डाग. अर्ज टेबलावर ठेवून ती काही न विचारता भाऊसाहेबांसमोरच्या खुर्चीत बसली.

"बसते हं जरा. भांडायला आले होते, पण आता दम नाही राहिला."

"पाणी कुठून आणता?"

"अग्निशमनच्या आवारातून. मोठा रस्ता ओलांडून. कपड्यांवर शिंपडायला, भांड्यांना, प्यायला, सगळं मिळून अकरा बादल्या होतात. ट्रक थांबत नाहीत हो, बादली बघून तर मुळीच नाही." तिने पदराने मान पुसली. "एक विचारू भाऊ? हे ठरवलं कुणी? नाव सांगा फक्त. मी जाऊन काही करणार नाही. नुसतं कळू दे."

भाऊसाहेबांनी अर्जावर आवक क्रमांक टाकला. शिक्का मारताना तो तिरका पडला.

"सभेत ठरलं," ते म्हणाले.

"सभेत सगळेच असतात. म्हणजे कुणीच नाही," ती म्हणाली आणि बाकीच्या दोघींना घेऊन निघून गेली.

रात्री जेवताना बायकोने विचारलं, "अहो, ताटात काय शोधताय? मघापासून तेच तेच ढवळताय."

त्यांनी सांगून टाकलं. तिने सगळं ऐकलं, मध्ये एकदाही ‘बरं’ म्हटलं नाही.

"मग बोला की सभेत."

"अगं, तुला माहिताय मला. लेकीच्या शाळेत पालकांच्या सभेत नाव सांगायला उभं केलं तर मी आवंढा गिळत बसलो होतो."

"माहिताय. शेवटी मी सांगितलं होतं तुमचं नाव. या वेळी मला आत घेणार नाहीत, म्हणून तुम्हालाच सांगावं लागेल." त्यांच्या ताटात भात वाढत ती म्हणाली, "आणि नाही बोललात तर पुढचे पाच महिने घरात हे असंच ढवळत बसणार. त्यापेक्षा शेरा परवडला."

उरलेले दिवस कार्यालयात नेहमीसारखेच गेले. मोकाट कुत्री, कचऱ्याची गाडी, जन्माचे दाखले, ‘साहेब जागेवर नाहीत’. गल्लीवरून मात्र भाऊसाहेब जात नसत. लांबचा फेरा पडला तरी चालेल, असं पायांनीच ठरवलं होतं.

सभेच्या दिवशी सगळे सदस्य आले. पहिला विषय नेहमीचा: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ‘वाचून’ हा शब्द फक्त कागदापुरता होता. अध्यक्षबाईंच्या गुडघ्याला पट्टा बांधलेला होता आणि त्यांना बसल्याबसल्याही कळा येत होत्या. त्या म्हणाल्या, "इतिवृत्त वाचलं असं समजावं. कायम?"

"कायम, कायम," असे सात-आठ आवाज झाले.

"बाई," भाऊसाहेब म्हणाले.

कुणाला ऐकू गेलं नाही. ते उभे राहिले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला आणि तो मात्र सगळ्यांना ऐकू गेला. सगळी तोंडं कोपऱ्याकडे वळली. तिथून कधी आवाज येत नसे, त्यामुळे आधी सगळ्यांना वाटलं की त्यांना बरं वाटत नसावं.

"पाणी द्या रे त्यांना," दोरवाले म्हणाले. बाजारात त्यांचं दोरखंडाचं दुकान होतं आणि सभेत ते नेहमी दाराजवळ बसत.

"नको. मला... सतरावा विषय चुकीचा लिहिला गेलाय. मी लिहिलाय. तो मंजूर झाला नव्हता. तहकूब झाला होता."

"छे!" दोरवाले म्हणाले. "मंजूरच झाला. मी स्वतः हात वर केला होता. एकमताने झाला."

"मलाही तसंच आठवतंय," आणखी कुणीतरी म्हणालं.  नर्सबाई भाऊसाहेबांकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यात विश्वास नव्हता, पण अविश्वासही नव्हता.

आता खाली बसलं तरी चाललं असतं. बोलायचं ते बोलून झालं होतं, कुणी मानलं नाही, संपलं.  पण हातातली कच्ची वही उघडीच होती, आणि वाचणं हे बोलण्यापेक्षा सोपं असतं. त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"विषय पंधरा. दोरवाले: पंखा बंद पडला की गटाराचा वास आतच येतो, विषय लवकर घ्या. विषय सोळा. अध्यक्षबाई: खिडकी उघडा. दोरवाले: उघडली म्हणूनच येतोय. अध्यक्षबाई: मग लावा. विषय सतरा. नर्सबाई: आधी अकरा घरांना आत नळ द्या, मग हा बंद करा. दोरवाले: तहकूब करा आणि चहा आणा. विषय तहकूब. चहा आला. दोरवाले: हा चहा आहे की सोळावा विषय?"

 मग अध्यक्षबाईंनाच हसू फुटलं, गुडघा धरून त्या हसल्या, आणि मग सगळी सभाच हसली. दोरवाले लाल झाले.

"हे सगळं लिहिता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"कच्च्या वहीत."

"अरे देवा. म्हणजे एकोणतीस वर्षांचं?"

"जुन्या वह्या रद्दीत जातात."

"तेवढं बरं आहे." त्यांनी कान खाजवला. "चहाचं मात्र मीच म्हणालो होतो. काळा कडू चहा होता. म्हणजे आपण तहकूब केलं होतं, बाई. आठवलं."

"मलाही आठवलं," नर्सबाई हळूच म्हणाल्या.

अध्यक्षबाईंनी डोळे पुसले. "दुरुस्ती करा. विषय तहकूब असं लिहा आणि नळ आजच उघडा. पुढच्या सभेत पहिल्यांदा हाच विषय. चला, पुढे."

मुख्याधिकारी शेजारून हलक्या आवाजात म्हणाले, "खुलासा उद्या माझ्या टेबलावर येऊ द्या, भाऊसाहेब. तारीख आजची टाका." मग समोरची फाईल मिटत ते म्हणाले, "थोडक्यात लिहा. मला वर पाठवावा लागणार आहे."

भाऊसाहेब खाली बसले आणि दुसऱ्या विषयाचं टिपू लागले. अक्षर वाकडं येत होतं, तरी त्यांनी प्रत्येक शब्द टिपला.

सभा तीनला सुटली. आदेशाचा कागद त्यांनी स्वतःच चावीवाल्याकडे नेला आणि त्याच्याबरोबर गल्लीत गेले. चावीवाला वाटभर कुरकुरत होता: "आज बंद, उद्या चालू. आमचं काय, आम्ही पिळायचं." त्याने बूच काढलं, तोटी बसवली. आधी नुसती हवा खोकत राहिली, मग तांबडं पाणी, आणि बऱ्याच वेळाने स्वच्छ.

इस्त्रीवाली दारातून बघत होती. बादली घेऊन आली.

"उघडला? किती दिवसांसाठी?"

"पुढच्या सभेपर्यंत. तिथे पुन्हा ठरेल."

"म्हणजे महिना."

"हो." भाऊसाहेब बादलीजवळ सरकले. "त्या दिवशी तुम्ही नाव विचारलं होतं. माझी चूक होती ती. लिहिताना."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी तोंडाशी आलं असणार, पण बादली भरत आली होती. तिने ती बाजूला ओढली आणि दुसरी लावली.

"सोळा दिवस," ती म्हणाली. "मोजलेत मी." मग पाण्याकडे बघत म्हणाली, "त्या सभेत आमच्यासारख्यांना येऊ देतात का?"

"येता येतं. मागे बसता येतं. बोलता मात्र येत नाही."

"बसू की. अकरा घरांतून अकरा जणी."

"मागे खुर्च्या चारच आहेत."

"खुर्च्या कुणी मागितल्या?" ती म्हणाली. "सरका जरा, पाणी पायावर येतंय तुमच्या."