ढगाआडची शिट्टी

“हेइका काका, तुम्ही शिट्टी वाजवली की आकाशातला उजेड खाली येतो. मग मी वाजवली तर?”

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून रिस्तेनने भर गर्दीत विचारून टाकलं. दुपारच होती, पण उत्तर नॉर्वेच्या हिवाळ्यातली, म्हणजे काळोखच. फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, काठी बर्फात अर्धं गाव उभं होतं. हिवाळ्यात इथल्या आभाळात हिरवा ध्रुवीय प्रकाश नाचतो; त्या उजेडाखाली शिट्टी वाजवली तर तो माणसाला उचलून नेतो, हे इथल्या पोरांना चालायच्या आधी कळतं. त्यामुळे आजवर कुणी वाजवूनच पाहिली नव्हती. पूर्वजांना बोलावून आजार बरे करतो म्हणणाऱ्या हेइकाचं दुकान त्यावरच चाललं होतं.

“पूर्वज ढगाआड जमतायत,” तो डोळे मिटून म्हणाला. “माझी शिट्टी ते ओळखतात. तुझी ऐकली तर तुला घेऊन जातील, पोरी.”

“नेऊ देत की. उद्या गणिताची परीक्षा आहे.”

लोक हसले. तिची मैत्रीण मारेत हसली नाही. मारेतच्या आईने, ग्रेते मावशीने, हेइकाच्या शब्दावर इन्सुलिन सोडलं होतं. मावशी शेजारीच घसरगाडीवर घोंगडीत गुंडाळून बसली होती, धापा टाकत.

रिस्तेनने दोन बोटं तोंडात घालून सणसणीत शिट्टी मारली. काहीच झालं नाही. हेइकाचा हात मात्र टोपीखाली, कानाकडे गेला. तिने टोपीच ओढली. कानातलं इवलंसं यंत्र बर्फात पडलं. तिने ते उचलून स्वतःच्या कानाला लावलं.

“थांब अजून,” आतून आवाज आला. “हं, आता वर पेटलंय. ढगाला भोक पडलं की वाजव.”

आवाज तिच्या बाबांचा होता. रडार केंद्रात काम करणाऱ्या, तिला खांद्यावर बसवून तिथली भलीमोठी तबकडी दाखवणाऱ्या बाबांचा.

ढग फाटेपर्यंत ती आभाळाकडे बघत थांबली. मग शिट्टी वाजवली. हिरवा पडदा लखलखत उलगडला.

“बघितलंत?” तिने कानातलं यंत्र काढून सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. “रडारच्या लहरी ढगातून आरपार जातात. वरची हवा पेटली की परत येणारा पडसाद वाढतो. आपल्याला दिसायच्या आधी केंद्रात कळतं, आणि तिथून यांच्या कानात. उजेड आधीच आलेला असतो, शिट्टी नंतर वाजते.”

“मग माझं औषध?” ग्रेते मावशीने विचारलं. उत्तराची वाट न बघता मारेतने गाडी दवाखान्याकडे वळवली.

संध्याकाळी बाबा ताटाकडे बघत बसले होते.

“हेइका लहानपणापासूनचा दोस्त गं. गंमत म्हणून सुरू झालं. लोकांना धीर यायचा.”

“मावशीने इन्सुलिन सोडलंय, हे माहीत होतं तुम्हाला?”

बाबांनी ताट बाजूला सरकवलं. आई म्हणाली, “आधी जेवून घे.”

“नको. मी ठरवलंय, दोघंही ऐका. गावाला शाळेत बोलावून रडार कसं बघतं ते मी फळ्यावर काढून दाखवणार आहे. कुणी सांगतं म्हणून मानू नका, आधी स्वतः करून बघा, आणि औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका, असं सांगणार आहे. कानातला आवाज कुणाचा होता, तेही सांगणार. बाबा, तुम्ही या किंवा येऊ नका. मी नाव घेणार.”