बायकांच्या पेटीतलं एक मत

लॉन्ड्रीवाल्याला फुशारक्या मारायची भारी खोड. बायकांना पहिल्यांदाच मताचा हक्क मिळाला, त्यांची पेटीही वेगळी ठेवली, आणि नेमका तेव्हाच हा प्रभागातून उभा राहिला. भर चौकात छाती ठोकून म्हणाला, "बायकांच्या पेटीतलं एकूण एक मत माझं. नसलं तर नाव बदलीन!" मतदार बायका तरी कोण? याच्याच इस्त्रीच्या टेबलांवर राबणाऱ्या, आणि घरच्या दोघी, आई अन् बायको.

मतदानाच्या आदल्या दिवशी भाषणाच्या शर्टाची कॉलर चुरगळलेली राहिली, म्हणून त्यानं बायकोच्या दंडाला तापलेली इस्त्री टेकवली. म्हातारीनं सुनेला मलम लावलं, पण तोंडातून ब्र काढला नाही. मुलापुढे बोलायची तिची टाप नव्हती. दुसऱ्या दिवशी मात्र मतदानाच्या पडद्याआड ती एकटीच होती. तिनं दातओठ खाऊन शिक्का दुसऱ्याच चिन्हावर मारला. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणत खुशीत घरी आली.

मुलगा निवडून आला. पण बायकांच्या पेटीतून एक मत विरोधात निघालं आणि कोणीतरी ओरडलं, "मग नवीन नाव काय म्हणायचं, साहेब?" सगळा चौक हसला.

घरी येताच त्यानं बायकोची ट्रंक दारात फेकली.

"मी तुम्हालाच दिलं हो," सून रडत होती. "दंड ठणकत होता, तरी तुम्हालाच दिलं."

खरं बोलत होती बिचारी. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

"आई, तू सांग. हिचंच काम ना?"

खरं सांगितलं तर ट्रंक आपली निघेल, हे म्हातारीला पक्कं ठाऊक होतं. या वयात जायचं कुठं? तिला स्वतःचीच किळस आली.

"दुसरं कोण असणार?" ती म्हणाली.

"मिरवणुकीचा शर्ट काढून ठेव," म्हणत तो आंघोळीला गेला.

सुनेनं ट्रंक उचलली. दाराशी थांबून तिनं सासूकडे नीट पाहिलं, आणि तिला सगळं कळलं.

"आई, एकच सांगा," ती हळूच म्हणाली. "मनासारखं मत देताना कसं वाटतं हो?"

म्हातारीनं दार लावून घेतलं. मग मुलाचा शर्ट टेबलावर पसरला आणि तीच इस्त्री तापायला ठेवली.