परवा

“परवापासून काम बंद, असं म्याच सांगतलं होतं. पण होऊन गेलेला परवा, मॅडम! येनारा नाई,” वीरेंद्रभाऊ खुर्चीत रेलत म्हणाले.

ज्योत्सनाने मोबाइलवरचा त्यांचा निरोप पुन्हा लावून ऐकवला. चिखल्याकडच्या मँगनीजच्या यार्डाचा ठेका वीरेंद्रभाऊंचा. दगड निवडायला बाया पुरवणारी तुमसरची ही एजन्सी कमलेशभाऊंची. आणि दोघांमधले निरोप सांभाळायचे ज्योत्सनाने. निरोपात एवढंच होतं, “परवापासून बंद.” पुढे क्रियापदच नव्हतं. तिने येणारा परवा धरला, आणि बायांची मुकादम मालनबाई त्यांना घेऊन तोवर कामावर जात राहिली. आता त्या दिवसांची मजुरी द्यायला ठेकेदार तयार नव्हता. तो देत नाही, तर एजन्सी तरी कुठून देणार?

“मराठीत बी.ए. केलं नं तू?” कमलेशभाऊ म्हणाले. “मंग इचारून काहून नाई घेतलं?” मग आवाज खाली आणून, “चुकलं माझं, एवढं म्हनून टाक. मिटलं.”

तिने म्हटलं असतं, तर दोघेही मोकळे होते. नोकरीही राहिली असती. बुडणार होत्या फक्त बाया. मालनबाई दाराबाहेर उकिडवी बसली होती. आत येत नव्हती, उठूनही जात नव्हती. आणि ही नोकरी गेली, की दिवसभर बोलायला ज्योत्सनाला चार वर्षांच्या लेकीशिवाय, रेणूशिवाय, कुणी उरणार नव्हतं.

“भाऊ,” तिने वीरेंद्रभाऊंना विचारलं, “बंद होतं, तर रोज सकाळी यार्डाचं गेट कोनं उघडून देल्लं?”

वीरेंद्रभाऊंनी कमलेशभाऊंकडे पाहिलं. मग हसले. “वकिलीन ठेवली का रे ऑफिसात? देतो बाप्पा, देतो.”

मालनबाई पदर झटकत उठली. “येतो वो बाई,” म्हणाली आणि बस गाठायला निघाली.

ठेकेदार गेल्यावर कमलेशभाऊंनी ऑफिसची किल्ली मागून घेतली. “उद्यापासून येऊ नको, ज्योत्सना. अशानं पार्टी तुटते.”

उद्याला दोन अर्थ नव्हते.

संध्याकाळी हैदराबादहून नवऱ्याचा फोन आला. मागे मशीनचा खडखडाट. ती नोकरीचं सांगायला तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, “परवा येतो, पक्कं,” आणि फोन ठेवलाही. दिवाळीपासून तो परवाच येत होता.

रेणू चटईवर मुरमुरे खात बसली होती.

“आई, बाबा परवा येऊन गेले का येनार हायेत?”

“परवा,” ज्योत्सना म्हणाली, आणि तिला जवळ ओढून तिचे गाल पुसत राहिली.