पाच वर्षांचा शब्द

"मला नर्स नाही व्हायचं, मॅडम," जामिनी म्हणाली, आणि जयनगरच्या त्या नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्यबाईंनी उचललेला कॉफीचा कप तसाच खाली ठेवला.

शेजारच्या खुर्चीत बसलेल्या पद्मावतीला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. गेल्याच महिन्यात याच खोलीत येऊन तिने या मुलीच्या जागेसाठी शब्द टाकला होता.

"मग इथं आलीस कशाला?" प्राचार्यबाईंच्या आवाजात रागापेक्षा नवलच जास्त होतं.

"अक्कांनी तुम्हाला विचारलं होतं ना. नाही म्हणायचं तर समोर येऊन म्हणावं."

पद्मावतीने दोनदा माफी मागितली, पर्स काखेत धरली आणि ती बाहेर आली. जामिनी तिच्या मागोमाग फाटकापर्यंत आली.

पद्मावती जवळच्याच बसवनगुडीतल्या एका छोट्या वसतिगृहाची वॉर्डन होती. एका ट्रस्टने चालवलेल्या त्या घरात आदिवासी मुली नववीपासून पीयूसीपर्यंत, म्हणजे बारावीपर्यंत, राहायच्या. कुणी सोलिगा, कुणी इरुळिगा, कुणी जेनू कुरुबा. जामिनी हक्कीपिक्की जमातीची, तिची वस्ती बन्नेरघट्ट्याच्या जंगलापलीकडे. पद्मावतीचं घराणं मराठी, पण किती पिढ्यांपूर्वी आणि कुठल्या गावाहून इथं कन्नड मुलखात आलं हे आता घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. तिचं लग्न जमलं नाही, आणि पुढे तो विषयही निघेनासा झाला. भाऊ नरसिंहच्या घरी एक खोली आणि वसतिगृहात एक खोली, एवढाच तिचा संसार. रिक्षावाल्याशी हुज्जत घालायची वेळ आली तर ती सरळ उतरून चालायला लागायची.

पण मुलींच्या बाबतीत तिला एक वाट पक्की ठाऊक होती. नर्सिंगला घालायचं. तीन वर्षांत मुलगी पायावर उभी राहते, गणवेश मिळतो, घरचे ऐकतात. तिच्या कितीतरी मुली शहरातल्या दवाखान्यांत होत्या. त्यांतली एखादी रस्त्यात भेटली की हातातली पिशवी काढून घ्यायची, आणि पद्मावतीचा तो दिवस छान जायचा.

कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, उभ्याने खायच्या हॉटेलात, उंच टेबलाशी दोघी उभ्या राहिल्या. जामिनीने डोसा मोडला, पण खाल्ला नाही.

"आधी सांगितलं असतंस तर?" पद्मावती म्हणाली.

"तुम्ही समजूत घातली असती. तुम्ही समजूत घातली की मला नाही म्हणता येत नाही, अक्का."

चार वर्षं वसतिगृहात राहून जामिनीला पद्मावतीची मराठी येऊ लागली होती. तिच्या घरची वागरी बोली मराठीच्या जवळची, त्यामुळे तिला ती जड गेली नाही. मध्ये कन्नड शब्द पेरत दोघी तसंच बोलायच्या.

"काय व्हायचंय मग?"

"वकील. लॉ कॉलेजला अर्ज केलाय. पाच वर्षांचा कोर्स. जागा मिळाली."

"पाच वर्षं!" पद्मावतीच्या हातातला चमचा थांबला. "तुझ्या आईला मी कशी तयार केली ते ठाऊक आहे ना? तुझी सोयरीक ठरलीय त्या मुलाकडचे तीन वर्षं थांबतो म्हणाले, तेसुद्धा नर्स होणार म्हणून. आता पाच कोण थांबणार?"

जामिनीने डोशाची ताटली बाजूला सारली.

"मी जन्मले त्या दिवशी माझ्या अप्पाला जामीन मिळाला. म्हणून माझं नाव हे. वस्तीत सगळे हसत सांगतात. पण अप्पाला धरलं कशासाठी होतं ते आईला अजून माहीत नाही. विचारलं की म्हणते, जंगल. एवढंच. कोर्टात त्यांचा वकील होता, अक्का. तो अप्पाबद्दल बोलला. अप्पाशी कधीच बोलला नाही."

"नर्सिंगचं मला ठाऊक आहे गं," पद्मावती म्हणाली. "तिथं तुला कोण सांभाळेल, नोकरी कुठं लागेल, सगळं. हे मला काहीच ठाऊक नाही."

"मलापण नाही. भीती वाटते." जामिनीने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही स्वल्प आईशी बोला ना."

"सरी, बोलते," पद्मावती म्हणाली.

रविवारी दोघी वस्तीवर गेल्या. सिमेंटची बुटकी घरं, दारात केसांच्या तेलाच्या बाटल्या उन्हात मांडलेल्या. जामिनीचा बाप तेच तेल विकायला दूर मुलखात गेला होता. आईने पाणी दिलं, चटई टाकली. पाच वर्षं हा शब्द ऐकला आणि ती उठून उभी राहिली. मुलाचा आजोबा वस्तीतला जाणता माणूस. आपण एकटीने ठरवायची ही गोष्ट नाही, असं म्हणत ती दोघींना घेऊन चिंचेखालच्या कट्ट्यावर गेली. तिथं म्हातारा आणि आणखी चारपाच माणसं बसली होती.

पद्मावतीने बसमध्ये कन्नडमधून वाक्यं जुळवली होती. शिक्षणाचं महत्त्व, सरकारच्या सवलती. इतकी माणसं आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर त्यांतलं एकही आठवेना. ती अडखळली, पुन्हा सुरुवात केली, आणि घाबरल्यावर तोंडून निघते ती घरची भाषा निघाली.

"मुलगी हुशार आहे हो. तिला शिकू द्या."

म्हाताऱ्याने मान वर केली. तो वागरीत काहीतरी बोलला. जामिनी कन्नडमध्ये सांगायला लागली, तसं त्याने हात वर करून तिला थांबवलं. पद्मावतीकडे बघत तेच सावकाश पुन्हा म्हणाला. पाच वर्षांत माझा नातू म्हातारा होईल. माणसं हसली. पद्मावतीला ते समजलं होतं, आणि समजलं याचाच तिला धक्का बसला.

"नातवाला थांबायचं नसेल तर मी काय म्हणणार? पण हिला थांबवू नका."

"शहरात पोरगी वाया गेली तर? जाब विचारायचा कुणाला?"

"मला विचारा."

"तुम्ही वसतिगृहाच्या बाई. उद्या नोकरी सोडाल."

"सोडायचीच आहे," पद्मावती म्हणाली. तिने खोटं बोलायचा विचारही केला नाही. "मार्चमध्ये निवृत्त होते. मग बसवनगुडीत भावाच्या घरी असेन. तिथं या. बोलवाल तर मी इथं येईन, या कट्ट्यासमोर बसेन."

"आमच्यात शब्द देणाऱ्याला खरंच जाब द्यायला बोलावतात, बाई."

"बोलवा ना."



म्हाताऱ्याने आजूबाजूच्यांशी हळू आवाजात बोलून घेतलं. मग तो जामिनीच्या आईकडे वळला. त्याचा नातू थांबणार नव्हता. सोयरीक मोडायची असेल तर आईने तसं सांगावं, आपण मनात राग धरणार नाही, असं तो म्हणाला.

आई घरी गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात फडक्यात बांधलेली साडी आणि बांगड्या होत्या, मुलाकडून आलेल्या. ते बोचकं तिने म्हाताऱ्याच्या पायाशी ठेवलं. जामिनी पुढे झाली, पण आईने तिला जवळ घेतलं नाही. ती तशीच माघारी वळली.

"आई रागावली," बसमध्ये जामिनी म्हणाली.

"रागावू दे. तिने आज फार मोठं काम केलं."

"आणि तुम्ही?"

"मी नुसतं बोलले," पद्मावती म्हणाली, आणि तिने खिडकीकडे तोंड केलं.

कॉलेज सुरू झालं त्या सकाळी पद्मावती जामिनीला फाटकापर्यंत सोडायला गेली. आत गाड्यांतून मुलं उतरत होती. त्यांचे आईवडील फोटो काढत होते. जामिनीने नवी सँडल घातली होती, ती टाचेला लागत होती.

"जा," पद्मावती म्हणाली. "नाव विचारलं तर मोठ्यानं सांग."

जामिनी गेली. गर्दीत तिची वेणी थोडा वेळ दिसली, मग दिसेनाशी झाली.

"मगळा?" वॉचमनने विचारलं. तुमची मुलगी का?

नाही म्हणायला पद्मावती वळली, आणि रस्त्याच्या पलीकडे तिला जामिनीची आई दिसली. होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली उभी होती. कधी आली, कुणाबरोबर आली, कोण जाणे. कट्ट्यावरच्या त्या दिवसानंतर ती पद्मावतीशी एक अक्षर बोलली नव्हती.

"तिची," पद्मावतीने बोट दाखवलं, आणि गाड्या थांबायची वाट बघून ती रस्ता ओलांडून गेली.

आई फाटकाकडेच बघत होती. ती वागरीत बोलली, पद्मावती मराठीत.

"ही सगळी पोरं वकील होणार?"

"सगळी नाही होत."

"आणि आमची?"

इतक्या वर्षांत कितीतरी आयांनी तिला हा प्रश्न विचारला होता, आणि तिच्याकडे नेहमी उत्तर तयार असायचं.

"ठाऊक नाही," ती म्हणाली. "बघू या."

आईने मान हलवली. ऊन वर आलं होतं आणि झाडाची सावली अगदी थोडी होती. आई जरा बाजूला सरकली, आणि मोकळ्या झालेल्या त्या जागेत पद्मावती तिच्याशेजारी उभी राहिली.